पिंजऱ्यातला आरसा

एकट्या पोपटाला आरसा देऊ नये. हे मी सांगून सांगून थकले. रविवारच्या बाजारात पाखरं विकणारे लबाड लोक पिंजऱ्याबरोबर एक गोल आरसा फुकट देतात आणि घेणारे खूश होऊन घरी जातात. मग तो मुठीएवढा जीव दिवसभर स्वतःच्याच तोंडाशी गप्पा मारतो, आरशालाच दाणे भरवतो आणि माणसाकडे ढुंकून बघत नाही. जोडी घ्या म्हटलं की लोकांना कटकट वाटते. आरसा टांगला की झालं, सुटले.

खुजंदमध्ये नदीपलीकडच्या नव्या वस्तीत चौथ्या मजल्यावर माझं घर आहे. घराला काचबंद गॅलरी आहे आणि गॅलरीत, आतून लावलेल्या जाळीमागे, हिरवे, पिवळे, निळे असे बरेच छोटे पोपट आहेत. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. लग्न केलं नाही. पाखरांच्या बाबतीत माझं तोंड वाईट आहे असं सगळी इमारत म्हणते. म्हणू देत. रोज सकाळी मी दाण्यांच्या वाटीवर फुंकर मारते. पोपट राळे सोलून खातो आणि फोलपट वाटीतच टाकतो, त्यामुळे वाटी भरलेली दिसते आणि अडाणी माणसाचा पोपट भरल्या वाटीपुढे उपाशी मरतो. फुंकर मारली की फोलपटं उडतात आणि खाली किती दाणे उरले ते कळतं.

दुसरं म्हणजे धूर. मागे खालच्या मजल्यावरच्या बाईने नातवाची दृष्ट काढायला इस्पंदचे दाणे जाळले. चिमूटभर जाळावेत, तर हिने परातभर जाळले. नातू साधा खोकलाही नाही आणि वर माझी अर्धी गॅलरी दांडीवरून टपाटप खाली पडली. त्या दिवशी मी जिन्यात उभी राहून तिला जे बोलले ते अजून लोक एकमेकांना सांगतात. पाखराची छाती ती केवढी! हवेत काही वाईट असलं तर आधी ते जातं, मग माणूस. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरून झालं.

माझी धाकटी बहीण लोला जुन्या शहरात दिली होती. तिचा नवरा सियावुश रशियात इमारतींच्या कामावर, आणि घरात लोला, तिची सासू हनीफाबीबी आणि पोर मेहरोना. पोर अजून शाळेत जायची होती. पानगळीच्या दिवसांत मी तिच्यासाठी पोपटांची जोडी घेऊन गेले, तर हनीफाबीबी म्हणाल्या की एकाची किलबिल पुरे, हे घर आहे, बाजार नाही. मी एक परत आणला. राहिलेल्या हिरव्याचं नाव पोरीने पिस्ता ठेवलं. पुढच्या खेपेला बघते तर पिंजऱ्यात गोल आरसा. मी लोलाला फैलावर घेतलं. ती हसायला लागली.

"आपा, तुझ्या पाखरांना जोडीदार नसला की ती झुरतात म्हणे. माझा जोडीदार रशियात आहे. मी काय मरून पडले?"

हे ती बोलली, हे मी ऐकलं, आणि वर दोघींनी चहा प्यायला.

मग थंडी पडली. गॅस यायचा बंद झाला, दरवर्षी होतो तसा, आणि दरवर्षीसारखं कुणालाच त्याची लाज वाटली नाही. लोकांनी कोळशाच्या लोखंडी शेगड्या खोलीत आणल्या आणि त्यांचं धुराडं खिडकीतून बाहेर काढलं. एका सकाळी लोलाच्या शेजारणीचा फोन आला. लोला उठली नाही. डॉक्टर म्हणाले, शेगडीचा वायू.

मी पोहोचले तेव्हा अंगणात सुतकाचे निळे कपडे घातलेल्या बायका बसल्या होत्या आणि घरातले आरसे झाकून झाले होते. मयत झालं की आमच्याकडे ते पहिलं काम. कपाटाच्या दारावरचा आरसा, मोरीवरचा आरसा, एवढंच काय, टीव्हीच्या काचेवरही चादर टाकली होती. का झाकायचे ते कुणी विचारत नाही आणि विचारलं तर उत्तर मिळत नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. मी लोलाच्या खोलीचं दार ढकललं.

आत पिस्ता बोलत होता.

खिडकीखाली पिंजरा होता आणि पिस्ता आरशाला टोचा मारत अखंड बडबडत होता. बाजूला गादीवर मेहरोना गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मी तिला जवळ घेतलं. हात गार होते, पण खोलीही गारच होती. त्या रात्री पिस्ता कुठे होता ते मी तिला विचारलं. इथेच, ती म्हणाली. आणि तू? मी आईच्या कुशीत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंद खोलीत वायू भरतो, धडधाकट बाई त्यात मरते आणि हा चिमूटभर पक्षी गात बसतो? शाळेतल्या पोरांनी मला हे उत्तर लिहून दिलं असतं तर मी शून्य दिलं असतं. म्हणजे वायू नव्हताच. म्हणजे लोला दुसऱ्याच कशाने गेली होती आणि ही म्हातारी काहीतरी लपवत होती. मी हनीफाबीबींना हाताला धरून अंगणाच्या कोपऱ्यात नेलं.

"पोपट कुठे होता?"

"खोलीत. पोर त्याच्याशिवाय झोपत नाही."

"मग तो जिवंत कसा? शेंड्या लावायला दुसरं कुणी भेटलं नाही का तुम्हाला?"

त्या चिडतील म्हणून मी वाट बघत होते. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या नखांत कोळशाची काजळी होती आणि ती त्या अंगठ्याने खरवडत राहिल्या.

"मी दार उघडलं तेव्हा सगळं गप्प होतं," त्या म्हणाल्या. "मग बायका आल्या, आरसे झाकले. पिंजऱ्यातला तेवढा एक राहिला."

मी म्हटलं, मी माणूस कसं मेलं ते विचारते आणि तुम्ही मला आरसे सांगता?

लोला गेली ती गेली. पण पोर मी त्या घरात ठेवणार नव्हते. आमच्यात पोर बापाच्या घरची, हे मला माहीत आहे. मी सियावुशला फोन लावला. तो ढसढसा रडला आणि म्हणाला, आपा, तुम्ही म्हणाल तसं. हनीफाबीबींनी चाळिसावा दिवस होईपर्यंत तिला राहू दे म्हणून माझ्या मिनत्या केल्या. मी म्हटलं, एकीला खाल्लंत तेवढं पुरे. हे मी सगळ्या बायकांसमोर म्हटलं. त्या गुपचूप आत गेल्या, पिंजरा दुलईत गुंडाळून घेऊन आल्या आणि माझ्या हातात देताना हळूच म्हणाल्या, "आतला आरसा काढू नकोस."

"पाखरं कशी सांभाळायची ते आता तुम्ही शिकवा मला," मी म्हणाले.

पोर आईच्या रबरी चपला घालून निघाली होती. वाटेत बाजारात थांबून मी तिला लाल बूट घेतले, आत लोकर असलेले. पायाला अगदी बेताचे बसले. दुकानदार म्हणाला, एक नंबर मोठा घ्या, पोरं वाढतात. मोठा त्याच्याकडे लाल नव्हता आणि तिला लालच हवे होते.

घरी आले तर शेजारणींनी माझेही आरसे झाकून ठेवले होते. बहीण गेली, म्हणजे सुतक मलाही. मी तसेच राहू दिले. कुणाकुणाशी भांडणार?

पिंजरा गॅलरीत ठेवला आणि माझे सगळे पोपट समोरच्या टोकाला जाऊन जाळीला चिकटले. पायाखाली दांडी नव्हती तरी जाळीला नखं रोवून लटकत राहिले. नवीन पाखरू आलं की थोडा दंगा होतो, टोचाटोची होते. इथे कुणी चूं केलं नाही. फक्त पिस्ता आरशाशी बोलत होता. शेवटी मी पिंजरा स्वयंपाकघरात आणला.

सकाळी वाटीवर फुंकर मारली. एकही फोलपट उडालं नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. पाणी होतं तेवढंच. पिंजऱ्यातला कागद कोरा, विष्ठेचा ठिपका नाही. न खाणारं पाखरू दोन दिवसांत पिसं फुगवून कोपऱ्यात बसतं. हा तुकतुकीत, आणि बडबड थांबत नव्हती.

मेहरोनाचंही तसंच. शोरबा पुढे ठेवला की ती चमचा फिरवत राहायची आणि वर चरबीचा थर धरायचा. मी दिलेली पोळी तिच्या फ्रॉकच्या खिशात सापडली, अख्खी. मी स्वतःची समजूत घातली की आई गेलेलं पोर आहे, जेवण कसं जाईल? पिस्ताबद्दलही माझ्याकडे कारण तयार होतं. आरसा. आरशाच्या नादाने उपाशी राहणारे पोपट मी पाहिलेले आहेत. त्या म्हातारीने बजावलं होतं, म्हणून तर तो काढायचाच असं मी ठरवलं.

दुपारचं ऊन टेबलावर आलं होतं. मेहरोना खिडकीशी स्टुलावर उभी राहून खाली खेळणारी मुलं बघत होती.

"खाला, आरसा नको काढू."

"अगं, त्याच्यापायी तो खात नाही. आजारी पडेल."

"तो आजारी नाही पडत आता."

मी तार सोडवली, आरसा बाहेर काढला आणि टेबलावर पालथा ठेवला.

पिस्ता बोलता बोलता थांबला.

तो पडला नाही, तसाच बसून राहिला. मी हात घालून त्याला उचललं. पोपट मुठीत धरला की त्याचं काळीज तळव्याला लागतं, शिवणाच्या मशीनसारखं. माझ्या तळव्याला काहीच लागलं नाही. डोळे खोल गेले होते. पाय वाळले होते. वजन फोलपटाचं.

हे पाखरू आत्ताचं मेलेलं नव्हतं.

मी खिडकीकडे वळले. मला धाप लागली होती. माझ्या तोंडासमोरची काच पांढरी झाली. मेहरोनाने काचेला नाक लावलं होतं. तिच्यासमोरची काच स्वच्छ होती. त्यातून बर्फ दिसत होता, मुलं दिसत होती, दोरीवरचे कपडे दिसत होते.

"खाला, झोप येते," ती म्हणाली.

तिची मान खिडकीच्या चौकटीवर कलली.

मी आरसा उचलला आणि तिच्या तोंडापुढे धरला. किती वेळ धरला ते माहीत नाही. देवाला शिव्या घातल्या, गॅसवाल्यांना घातल्या, लोलालाही घातल्या. दंडाला पेटके आले. मग तिने आरशात बघून डोळे मिचकावले.

"हात दुखेल ना तुझा," ती म्हणाली.

त्या दिवशी मी घरातली प्रत्येक चादर ओढून फेकली.

चाळिसाव्याच्या आधीच हनीफाबीबी माझ्या दारात आल्या. दार उघडताना मी शिव्या तयार ठेवल्या होत्या. त्यांच्या काखेत कापडात गुंडाळलेला त्यांच्या लग्नातला आरसा होता. त्यांनी भिंतींकडे बघितलं, खोल्याखोल्यांतून लावलेले माझे आरसे बघितले, आणि मेहरोना त्यांच्या कमरेला बिलगली तेव्हा तोंडात डोईच्या रुमालाचं टोक कोंबलं.

"त्या दिवशी पोरही गप्पच होती," त्या म्हणाल्या. "पाखरू बोललं आणि मग ती उठून बसली. कुणाला सांगू? कोण ऐकणार होतं?" आणि मग, "हा कुठे लावू?"

मी त्यांना हातोडी दिली. तेव्हापासून त्या दर शुक्रवारी येतात आणि आम्ही दोघी काचा पुसतो. पोरीच्या उंचीपर्यंतच्या काचांवर कधी डाग नसतो, तरी पुसतो.

लोक विचारतात, नटवी झालीस काय ग म्हातारपणी? शाळेतले म्हणतात, भाचीची हाडं बारीक दिसतात, दूध देत जा. देते. आता मला राग येतो तो एकाच गोष्टीचा. हनीफाबीबी थकल्यात आणि मीही काही अमर नाही. एक दिवस मी उठणार नाही. मग या इमारतीतल्या सगळ्या भल्या बायका धावत येतील, रडतील, आणि कुणी सांगायच्या आत चादरी शोधायला लागतील. मी प्रत्येकीच्या दारात जाऊन ओरडून आले आहे की माझ्या घरात एकही आरसा झाकायचा नाही. त्या मान डोलावतात आणि पाठ फिरली की हसतात. तुम्हीही मान डोलावताय, मला दिसतंय.

काल यंदाचा पहिला बर्फ पडला. मेहरोनाने पलंगाखालून लाल बूट काढले आणि स्वतःच घातले. लोकर पार झिजलीय, तळवे दोनदा बदलून झाले. पण अजून तिला अगदी बेताचे बसतात.