कणा भिंतीकडे

ही घडलेली गोष्ट आहे. ज्या घरात घडली ते घर अजून आहे, ती खोलीही आहे. आणि जिच्या बाबतीत घडली त्या माझ्या सख्ख्या मावशीशी मी कालच फोनवर बोललो.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथे ती मिळणार नाही. हे सगळं सुरू झालं एका रविवारी, भर दुपारी, जेवणं आटोपल्यावर.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि टोकाला एक चिंचोळी खोली. दोन्ही हात पसरले की दोन्हीकडच्या भिंतींना बोटं टेकतील, एवढीच. शेवटच्या आजारपणात काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, खाट तिथे होती.

काका गेले. मावशी रडली नाही.

लोक म्हणाले, धीराची बाई. धीर कसला... तिला काही वाटतच नव्हतं. चहात साखर पडली आहे की नाही, हेही कळत नव्हतं. तिने त्या खोलीला कडी घातली आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही.

मुलगा आणि सून रविवारी येत. मुलगा कडी बघे आणि गप्प राही. एकदा मात्र बोललाच.

"आई, एक खोली बंद करून तू इथे एकटी राहणार असशील, तर ते मला चालणार नाही. आमच्याकडे चल. हे घर विकून टाकू."

मावशीला कशाचंच काही वाटत नव्हतं. पण हे घर सोडायचं नाही, एवढी एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती.

"उघडते खोली," ती म्हणाली. "तिथे पुस्तकांची खोली करू."

सून घरांची सजावट करायची. तिने कागदावर आखणी करून दिली. दार आत उघडून जागा खायचं, ते सरकतं केलं. फळ्या थेट छतापर्यंत नेल्या, दाराच्या वरसुद्धा एक बसवली. फळ्या मुद्दाम उथळ ठेवल्या, म्हणजे पुस्तकांच्या मागे पुस्तकं कोंबता येऊ नयेत. खिडकीखाली, जिथे खाटेचं उशाकडचं टोक असे, तिथे गादी घातलेलं बाक. बाकावर भिंतीतून वाकलेला पिवळ्या उजेडाचा दिवा.

सुतार तोंडाचा फटकळ होता. मापं घेताना म्हणाला, "ताई, या खोलीत एक तर पुस्तकं राहतील, नाही तर माणूस. दोघं मावायची नाहीत."

सून हसली. मावशी हसली नाही.

काम झालं तेव्हा खोली खरंच छान दिसत होती. खोक्यांतली पुस्तकं सुनेनेच लावली. मावशी दारात उभी राहून बघत होती.

सून प्रत्येक पुस्तकाचा कणा, म्हणजे नाव छापलेली पाठ, भिंतीकडे करत होती. पानांची बाजू बाहेर.

"असं का गं?"

"अहो आई, लहान खोलीत एवढे रंग अंगावर येतात. पानं बाहेर ठेवली की सगळं एका रंगाचं दिसतं. शांत वाटतं बघा."

"मग हवं ते पुस्तक सापडायचं कसं?"

"तुम्हाला कुठे घाई आहे? सापडेल ते वाचायचं."

मावशीला काहीतरी सांगायचं होतं. पण सांगायला बोलावं लागलं असतं.

सांगायचं होतं ते असं. मावशी आणि काका, दोघांनाही वाचनाचं वेड. नव्या लग्नात भांडणं व्हायची ती एकाचं अर्धवट पुस्तक दुसऱ्याने पळवलं म्हणून. शेवटी तह झाला. वाचून संपलं नसेल तर पुस्तकाचा कणा भिंतीकडे करून ठेवायचा. तसं पुस्तक दिसलं की दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. संपलं की सरळ करायचं. घरात कायदे दोनच, काका म्हणायचे... गॅस बंद करणं आणि उलट्या पुस्तकाला हात न लावणं.

आणि आता त्या खोलीतलं प्रत्येक पुस्तक उलटं होतं.

पुढच्या रविवारी मुलगा-सून जेवून गेले. मावशी भांडी आवरून बाहेरच्या खोलीत आडवी झाली. खिडकीत ऊन होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

मग घंटी थांबली.

आणि आतून...

पान उलटल्याचा आवाज आला.

मावशी पडून राहिली. वारा असेल. पण वाऱ्याने पानं फडफडतात. हे एकच पान होतं. सावकाश उलटलेलं. मग तेवढाच वेळ शांतता, जेवढा एक पान वाचायला लागतो.

मग पुन्हा पान.

आणि मग... घशातल्या घशात, "हं."

लेखकाचं म्हणणं पटलं नाही की काका तसं करायचे.

मावशी उठून गेली. सरकतं दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. दिवा बंद होता. तिने दिव्याच्या टोपीला हात लावला.

गरम होती.

बाकावरची गादी मधोमध दबलेली होती. ती बघत असताना गादी हळूहळू वर आली... कुणीतरी शिष्टाचार म्हणून उठून उभं राहावं, तशी.

मावशी घाबरली नाही. ती मला म्हणाली, "घाबरायलासुद्धा आत काहीतरी जागं असावं लागतं रे."

काका आयुष्यभर बसने कचेरीत गेले आणि बसमध्ये वाचत गेले. बसचं तिकीट हीच त्यांची खूण. जुनी तिकिटं जवळजवळ प्रत्येक पुस्तकात राहिलेली. दुसऱ्या दिवशी मावशीने एक पुस्तक फळीवरच जरासं फाकवून पाहिलं. तिकीट सुरुवातीलाच होतं. पुढे काही दिवसांनी पाहिलं, तर मध्यावर. शेजारच्या पुस्तकातलंही सरकलेलं. वरच्या फळीवरचंही.

पानांचे कोपरे ओलसर होते. काका बोट ओलं करून पान उलटायचे. त्यावरून मावशी त्यांना आयुष्यभर बोलली होती.

तिने एक पुस्तक वाचायला म्हणून ओढलं. ते येईना. जोर लावला...

पलीकडून कुणीतरी धरून ठेवलं होतं.

तिने सोडून दिलं. कायदा कायदा असतो.

मुलाला ती काही बोलली नाही. बोलली असती, तर त्याने त्याच दिवशी तिचं सामान बांधलं असतं. पण पुढच्या रविवारी सून चहाचा कप घेऊन त्या खोलीत जाऊन बसली. थोड्या वेळाने आतून फट्‌कन आवाज आला. सून बाहेर आली ती बोट दाबून धरत.

"काय झालं गं?"

"पुस्तक उघडलं होतं... ते आपोआप मिटलं. बोटावर." तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, त्या खोलीत कुणीतरी नाराज आहे."

मुलाने आईकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

मावशी सुनेच्या बोटासाठी गार पाणी आणायला उठली.

"पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. तू आमच्याकडे येते आहेस. विषय संपला."

दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीतून ऊन आत आल्यावर, मावशी त्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. खालच्या फळीपासून सुरुवात केली.

"अहो," ती म्हणाली. काका गेल्यापासून हा शब्द तिने उच्चारला नव्हता. "ऐकलंत का? हे वाचून झालं."

पुस्तक फिरवलं. कणा बाहेर.

"हे पण झालं. हे तर तुम्ही दोनदा वाचलंय. उगाच हं-हं करू नका."

एकेक पुस्तक फिरत गेलं. सुरुवातीला पुस्तकं जड वाटत होती, हाताशी ओढाताण करत होती. मग हलकी होत गेली. दाराच्या वरच्या फळीसाठी ती स्टुलावर चढली. शेवटचं पुस्तक फिरवलं, तेव्हा ते नुसतंच पुस्तक होतं.

घर गप्प झालं.

पान नाही. हं नाही. दिवा गार. गादी सपाट.

रविवारी मुलगा गाडी घेऊन आला. तासभर त्या खोलीत बसला. सुनेने दबकत एक पुस्तक उघडलं, चार पानं वाचली. काही झालं नाही.

"वाऱ्याने मिटलं असेल तेव्हा," मुलगा म्हणाला. "रंग छान दिसतायत की. राहा बाई इथेच. जिंकलीस."

जिना उतरणाऱ्या पावलांचा आवाज थांबला. मावशी एकटी राहिली.

आधीही तिला काही वाटत नव्हतं. पण तेव्हा टोकाच्या खोलीत कुणीतरी वाचत होतं. आता तेही नव्हतं. ती बाकावर बसून राहिली. ऊन भिंतीवरून सरकत सरकत निघून गेलं.

बाकाच्या कडेला शब्दकोश पडला होता. उथळ फळीवर मावला नव्हता, म्हणून सुनेने चहाचा कप ठेवायला तिथे आडवा टाकला होता. काकांनी तो हजारदा उघडला असेल. पण सलग कधी वाचला नव्हता. शब्दकोश सलग वाचतो कोण?

मावशीने कपाचा डाग पदराने पुसला. आपल्या पाकिटातलं बसचं एक तिकीट पहिल्या पानात घातलं. शब्दकोश खिडकीच्या कट्ट्यावर, कडेच्या भिंतीला लावून उभा केला.

कणा भिंतीकडे.

मग ती बाहेरच्या खोलीत जाऊन आडवी झाली. बराच वेळ काही नाही...

पान उलटलं.

तेव्हा ती रडली. काका गेल्यानंतर पहिल्यांदा.

मी उन्हाळ्यात गेलो होतो, तेव्हा तो शब्दकोश पाहिला. तिकीट "क"मध्ये होतं. मावशी हसून म्हणाली, "जाडजूड आहे. पुरेल मला." मी हात लावला नाही. पण पानांचा कोपरा ओला होता, हे मी पाहिलं आहे.

काल फोनवर विचारलं, "कुठवर आलंय?"

"'स' लागला परवा. हल्ली भराभर वाचतायत." आवाज पुन्हा पहिल्यासारखा सपाट.

"संपल्यावर काय करशील, मावशी?"

फोनमध्ये लांबून, घशातल्या घशात, कुणीतरी "हं" केलं.

"'स' मोठा असतो," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

'स'नंतर 'ह'. मी माझ्याकडचा शब्दकोश काढून बघितला. 'ह'ची पानं चिमटीत मावतात.

तो परत जागेवर ठेवला. कणा बाहेर आहे ना, हे दोनदा उठून बघितलं.