चार बोटांवर जावा

मनमाडहून नगरला निघालेली मोटार कोल्हारला थांबली, ती प्रवरेच्या पुलाकडे बघत थांबूनच राहिली. साल १९४५. पेट्रोल लढाईवर गेलेलं. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत, म्हणजे बऱ्याचदा चालत नसत. क्लीनर मागच्या भट्टीत कोळसा घालत होता, तेवढ्यात एक तरुणी वर चढली. तिच्या हातात पृथ्वीचा गोल होता.

तिला जागा मिळाली ती शांतवन साळवेच्या शेजारी. हा मुंबईच्या एका दैनिकाचा परदेशी वार्ताहर. कैरो, इटली वगैरे करून तीन वर्षांनी नगरजवळच्या भिंगारला घरी चाललेला.

"जरा धरता का? तिकीट काढायचंय."

"सगळी पृथ्वी?"

"अर्धी धरलीत तर पडेल."

मोटारीनं गचका दिला. शांतवननं गोल छातीशी धरला, तरी तो पुढच्या दांडीवर आपटलाच. तीन वर्षं तोफांच्या आवाजात झोपलेला माणूस... घाबरला.

"कुठं लागलं?" तिनं विचारलं.

"अरबी समुद्रात. पोचा आलाय. मनुष्यहानी नाही."

तिनं ओठ आवळून हसू आत ठेवलं. "कोल्हारच्या शाळेतून मागून आणलाय हो! तुम्ही पेपरात आहात का?"

"कशावरून?"

"नुकसान केलंत, आणि वर त्याची बातमी दिलीत."

ही सुनीती भालेराव. भिंगारला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. पोचा काढून द्यायचं शांतवननं कबूल केलं. काम एका संध्याकाळचं; त्यानं ते महिनाभर पुरवलं. रोज भालेरावांच्या ओट्यावर बसायचं, समुद्रावर खळ लावून कागदाचा एक तुकडा चिकटवायचा, आणि तो वाळेपर्यंत लिहायला घेतलेल्या पुस्तकातली चार पानं तिला वाचून दाखवायचं. तिचे वडील, इसहाक मास्तर, आत पुस्तक वाचत बसत. पान उलटल्याचा आवाज मात्र कधी आला नाही.

"तुमच्या पुस्तकात खेचरांना नावं आहेत, जनरलांना नाहीत," सुनीती एकदा म्हणाली.

"खेचरं खोटं बोलत नाहीत. जनरलचं एक वाक्य छापायचं तर आम्हाला दोन साक्षीदार लागतात. तेही एकमेकांना न ओळखणारे."

"आणि ज्याची बातमी, त्याला कधी विचारता?"

"सगळ्यात शेवटी."

"असं होय," ती म्हणाली, आणि उगाचच वेणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मग मुंबईची तार आली. जावा बेटात धामधूम आहे, आपल्या पलटणी तिकडे गेल्यात, शुक्रवारी निघा. शांतवननं आजवर पाच मिनिटांत बॅग भरलेली. या वेळी ती मिटेचना. सुनीतीच्या मनात आपल्याविषयी काही आहे का? विचारलं आणि नसलं, तर हा ओटाही गेला. मग त्यानं हाताला सवयीचं होतं तेच केलं. साक्षीदार शोधले.

पहिली राहीबाई, शाळेच्या फाटकाशी पेरू विकणारी.

"बाई माझ्याविषयी कधी काही बोलतात का?"

"पेरू घ्यायचा हाय का न्हाई?"

त्यानं शेरभर घेतले.

"बोलत न्हाईत काई. पर तुमी रस्त्यानं जाया लागला की बाई हातातला पेरू खायचा इसरत्यात. लई महागाचा पेरू हाय माजा, म्हून ध्यानात ऱ्हायलं."

दुसरा भिमाजी टांगेवाला. त्यानं फक्त "व्हय" म्हटलं आणि घोड्याकडे बघून हसला. शांतवन खूश झाला. भिंगारमध्ये एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं असतात, हा समज कैरोत फार राहिलेल्याचाच होऊ शकतो. भिमाजी राहीबाईचा सख्खा दीर निघाला.

गुरुवारी संध्याकाळी सुनीती ओट्यावर गोल मांडीवर घेऊन बसली होती.

"बसा. आज अख्ख्या बाजारानं माझ्याकडे पेढे मागितले."

"कसले?"

"तेच मी विचारलं. सगळ्यांना ठाऊक होतं. मी सोडून."

"ती... पद्धत आहे. ज्याची बातमी, त्याला शेवटी—"

"का पण?"

शांतवन समुद्रावरच्या ठिगळाकडे बघत राहिला. "जिची बातमी तीच नाही म्हणाली, की सगळं तिथंच संपतं. म्हणून... जितकं लांबवता येईल तितकं."

गावाशेजारच्या लष्करी छावणीत बिगूल वाजला. सुनीतीनं तो पूर्ण वाजू दिला.

"मिळाले साक्षीदार?"

"मिळाले. दीर-भावजय निघाले."

"मग ते बाद." तिनं नजर वर केली नाही. "एक मी."

"एक काय?"

"साक्षीदार! मी होय म्हणतेय. दुसरा शोधा."

"दुसरा मी," आतून इसहाक मास्तर म्हणाले. "आणि तो समुद्र केव्हाच वाळलाय. उगाच खळ वाया घालवू नका."

"पण तुम्ही दोघं तर एकमेकांना ओळखता," शांतवन कसाबसा म्हणाला.

"अहो, तुम्हाला बातमी हवीय की नकोय?" सुनीतीनं विचारलं.

हवी होती. त्यानं मान हलवली. सुनीतीनं गोल फिरवला, नगरच्या जागेपासून बोटं टेकवत गेली.

"चार बोटांवर आहे जावा. फार लांब नाही."

शांतवननं आपला हात शेजारी ठेवला. "माझी तीनच भरली."

"मग परत येताना तुमच्या बोटांनी या."

हात दोघांनीही काढला नाही. आत, महिन्यात पहिल्यांदाच, पान उलटल्याचा आवाज आला.