मोहाखालची हाक

१९७६ च्या मार्चची वीस तारीख, शनिवार. संध्याकाळच्या एस.टी.ने मी खाप्याला निघालो. पहाटे रानात कोणता पक्षी किती वाजता बोलू लागतो, हे मी बारा वर्षं वहीत लिहीत आलो आहे. कुणाकडे शिकलो नाही. चुकत चुकत कान तयार झाला. ऑफिसातले रुपराव त्यावरून माझी थट्टा करत. या खेपेला मात्र त्यांनीच बोलावलं होतं.

त्यांची बहीण बायजाबाई खाप्याला राहते. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा लहानू पहाटे मोहफुलं वेचायला रानात गेला, तो परतलाच नाही. आता मुलीचं, प्रेमिलाचं लग्न ठरलं होतं. सोमवारी पत्रिका छापायला द्यायची होती. लहानूच्या नावाआधी 'श्री.' लिहायचं की 'कालकथित', एवढ्यावर सारं अडलं होतं.

"कालकथितच लिहा लागन," रुपराव त्या रात्री तिच्या घरी जेवताना म्हणाले. "दोन वर्सं झाली वं."

"मले रोज पहाटे मोहाखालून त्याईची हाक ऐकू येते," बायजाबाई शांतपणे म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमी पाखरं वळखता म्हणतेत. एकडाव ऐका. पाखरू असन तर तसं सांगा. मंग छापा काय छापाचं ते."

"ह्याले बायकोचा आवाज वळखू येत नाही," रुपराव म्हणाले, "पाखराचा येते."

कुणी हसलं नाही.

पहाटे चारला बायजाबाई आणि मी निघालो. रान जुनं होतं. ऐन आणि साग इतके दाट, की चांदण्याही दिसत नव्हत्या. मोहफुलांचा गोड, आंबूस वास लागला तशी बायजाबाई थांबली. झाडापासून वीस पावलांवर आम्ही बसलो. लहानू अंधारात पुढं यायचा, फुलं वेचून ढीग करायचा आणि हाक मारायचा. मग ती टोपली घेऊन जायची. पंधरा वर्षं असंच चाललं होतं.

पाच वाजून चार मिनिटांनी रातवा गप्प झाला. पाच बाराला कोतवाल बोलला, एकविसाला दयाळ. मग मोर, मग होले. आवाजावर आवाज चढत गेला. घड्याळाच्या हिरव्या काट्यांवर नजर ठेवून मी लिहीत होतो.

"बायजे... टोपली आण वं."

पुरुषाचा आवाज. जरासा बसलेला. पाठोपाठ खोकला.

माझ्या हातातलं पेन थांबलं. मोहाच्या वरच्या फांदीवर, फिकट आभाळाच्या तुकड्यासमोर, एक काळा पक्षी बसला होता. शेपटीची दोन लांब पिसं खाली लोंबत होती. भृंगराज. त्यानं चोच उघडली आणि तेच शब्द पुन्हा आले.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. "बाई, पाखरूच आहे," मी कुजबुजलो. "दुसऱ्याचे आवाज उचलतं ते. दर साल तुमच्या माणसाची हाक ऐकली असेल, ती उचलली."

"अन् खोकला?"

"तोही."

"मंग छापा," ती म्हणाली.

तिथंच उठायला हवं होतं. पण पुरती खात्री झाल्याशिवाय वहीत नोंद करायची नाही, ही माझी सवय. मी म्हणालो, "त्याला काही नवं सांगून पाहा. तरी तेवढंच बोलेल."

ती उभी राहिली. "प्रेमिलाचं लगन ठरलं जी."

"बायजे... टोपली आण वं," भृंगराज म्हणाला. पाच एकावन्न. मी लिहिलं. तो उडाला आणि कन्हान नदीच्या बाजूला दिसेनासा झाला. मी पेनाला टोपण लावलं.

"कोणत्या गावी देऊन राहिली वं?"

आवाज झाडाच्या बुंध्यापासून आला. सगळी पाखरं गप्प झाली होती. कधी झाली, ते मला कळलं नव्हतं.

बायजाबाई हलली नाही. "पाटणसावंगीले," ती म्हणाली. "पोरगा मास्तर आहे. पत्रिकेत तुमचं नाव तसंच राहीन जी... त्याच्यापुढं मी काही लावू देत नाही."

उजाडलं होतं. बुंधा मुळापर्यंत स्वच्छ दिसत होता. तिथं कुणीच नव्हतं. खाली पडलेल्या फुलांचा मात्र ढीग झालेला होता, आणि तिथून आमच्याकडे पाचोळा पावलापावलानं दबत येत होता. एकदा... पुन्हा एकदा...

मग आवाज आला. आता तो चार हातांवर होता.

"तुया संग कोण आहे?"

मागं न बघता बायजाबाईनं हात मागं आणला आणि तळवा माझ्या तोंडावर घट्ट दाबला.

"कोणी नाही जी," ती म्हणाली.