चार कोरे

सोमवारी सकाळी साडेसातला दर्शना भुवडच्या फोनवर नेहमीसारखा निरोप आला : ‘या आठवड्यात सात थेंब.’ ती रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधत बसली होती. हातातली काडी तिनं पाटीत ठेवली, हात पुसले, अर्धा पेला पाण्यात बाटलीतले सात थेंब मोजून टाकले आणि पिऊन टाकले. मागच्या सोमवारी नऊ होते, त्याच्या आधी सहा.

गेली चार वर्षं हे असंच चाललं होतं. त्याआधीची अकरा वर्षं तिच्या डोक्यात माणसं बोलायची. ती कधी शिव्या द्यायची, कधी हुकूम सोडायची. विहिरीवरून तिला दोनदा ओढून आणलं होतं. हे थेंब सुरू झाले आणि तीन आठवड्यांत आवाज थांबले. किती थेंब घ्यायचे ते पुण्यातला कुठला तरी संगणक ठरवतो, अशी तिची समजूत होती.

त्याच दिवशी दुपारी पुण्याहून डॉ. शाहीन बागवान आल्या. औषधाचं संशोधन त्यांचंच. दर्शनाच्या थोरल्या भावानं, महेंद्रनं, अंगणात खुर्च्या मांडल्या. शाहीननी पिशवीतून संमतीचा एक अर्ज काढला.

“दर्शनाताई, नवा कायदा आलाय. आजारपणात ज्यांचे नमुने नातेवाइकांच्या सहीवर घेतले, ते बरे झाले की त्यांना स्वतःला पुन्हा विचारायचं. तुम्ही नाही म्हणालात तर सगळं नष्ट करावं लागेल.”

“सगळं म्हणजे? रक्तच घेतलं होतं ना माझं?”

“रक्तातल्या पेशींना आम्ही मागं नेतो, गर्भातल्या पेशींसारखं कोवळं करतो. मग त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी वाढवतो. त्या आपोआप एकमेकींना जोडून घेतात आणि साबुदाण्याएवढा गोळा तयार होतो. त्याला आम्ही कणमेंदू म्हणतो. तुमचे वीस आहेत. दर रविवारी त्यांच्यात तुमच्या आजारासारखं वादळ उठवतो आणि किती औषधानं ते शमतं ते बघतो. सोमवारी तो आकडा तुम्हाला कळवतो.”

दर्शना म्हणाली, “म्हणजे माझा आजार तिकडं कुणी तरी काढतंय.”

“कुणी तरी नाही. पेशी आहेत त्या.”

“आणि नष्ट केलं तर?”

“तुमचं प्रमाण अंदाजानं ठरवावं लागेल. तुमच्या जनुकांत जो दुर्मिळ बदल आहे तोच असलेले आणखी दोनशे तेरा रुग्ण आहेत. त्यांचे थेंबही तुमच्याच कणमेंदूंवरून ठरतात.”

महेंद्र खाली मान घालून बसला होता. सहा वर्षांपूर्वीची ती सही त्याची होती. चिपळूणला रोपं बघायला जाऊ असं सांगून त्यानं बहिणीला गाडीत बसवलं होतं आणि थेट दवाखान्यात नेलं होतं. त्याबद्दल दोघं कधी बोलली नव्हती.

“मी तेव्हा विचारलं नाही तुला,” तो म्हणाला.

“विचारलं असतंस तर मी नाहीच म्हणाले असते, दादा. ती माणसं मला हो म्हणूच देत नव्हती.” तिनं अर्ज परत शाहीनच्या हातात दिला. “आधी मला ते बघायचंय.”

पुढच्या रविवारी भाऊबहीण पुण्याला गेली. प्रयोगशाळेतली खोली उबदार होती, अंगाच्या उबेएवढी. काचेच्या कपाटात छोट्या तबकड्या आणि प्रत्येकीत गुलाबी द्रवात बुडालेला एक पांढुरका दाणा. दर्शनाला आधी काहीच वाटलं नाही.

मग शाहीननी पडदा सुरू केला. “एक पेशी चेतली की एक ठिपका चमकतो. हे आत्ताचं आहे, या क्षणाचं.”

काळोखात एक ठिपका लुकलुकला. मग दूर कुठं तरी दुसरा. मग शेकडो. एका कडेनं उजेडाची लाट उठायची, सावकाश पलीकडे जायची, विरायची. क्षणभर सगळं शांत, आणि पुन्हा कुठून तरी सुरुवात. कुणी सांगत नव्हतं, कुणी चालवत नव्हतं. महेंद्रनं नकळत, आत येताना चढवायला दिलेले प्लास्टिकचे बूट काढायला हात घातला, देवळात शिरताना घालावा तसा. शाहीननी त्याला हलकेच थांबवलं. दर्शना तोंडावर हात ठेवून बघत राहिली. हे रक्तातून निघालं. तिच्या.

बरोबर अकरा वाजता यंत्रानं द्रव बदलला आणि दोन मिनिटांनी रसायनाचा थेंब सोडला. लाटा मोडल्या. सगळे ठिपके एकदम पेटायचे, विझायचे, पेटायचे. त्यात मध्ये श्वास घ्यायला जागाच नव्हती.

“बाहेरून असं दिसतं होय,” दर्शना पुटपुटली.

औषध आत गेलं तसे एकेक कणमेंदू निवत गेले. सोळा शांत झाले. चार मात्र तसेच पेटत राहिले.

“त्यांना का नाही दिलं?”

“ते कोरे. तुलनेसाठी असतात. त्यांना औषध कधीच देत नाही. दोन-तीन दिवसांनी आपोआप ओसरतं.”

“त्यांना ऐकू येतं का काही?”

“कसं येईल? कान नाहीत त्यांना.”

“मलाही कुठं कानानं ऐकू येत होतं, डॉक्टर?”

शाहीननी वळून त्या पेटत्या चारांकडे पाहिलं.

दर्शनानं अर्ज मागून घेतला. त्यावर दोनच चौकोन होते, ‘होय’ आणि ‘नाही’. तिनं होयवर खूण केली, मग समासात आपल्या जाड अक्षरात लिहिलं : ‘मोजून झालं की त्या चारांनाही त्याच दिवशी औषध द्यायचं.’ आणि सही केली.

“मोजणी थोडी बिघडेल,” शाहीन म्हणाल्या.

“तीन दिवस म्हणजे किती असतात, ते मला विचारा.”

संस्थेच्या नैतिकता समितीपुढं त्या एका ओळीवर दोन तास वाद झाला. समितीतल्या वकिलांनी विचारलं, या बाई ही अट स्वतःसाठी घालताहेत की दुसऱ्या कुणासाठी? दुसऱ्या कुणासाठी असेल, तर कायद्यात तो दुसरा कोण? त्यावर कुणाचंच एकमत होईना. शेवटी अट निरुपद्रवी आहे, एवढंच इतिवृत्तात नोंदवून ती मान्य झाली.

तीन महिन्यांनी शाहीनचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

“दर्शनाताई, त्या चार कोऱ्यांबद्दल. आधी द्रव बदलतो आणि मग रसायन पडतं, हे तुम्ही पाहिलंत ना? मी जुन्या नोंदी काढल्या. द्रव बदलला की रसायन पडायच्या आधीच त्या चारांत वादळ सुरू व्हायचं. बाकी सोळांना दर वेळी औषध मिळायचं, त्यांच्यात नाही; फक्त या चारांत. यंत्राचा दोष समजून तेवढा भाग आम्ही दर वेळी गाळून टाकत होतो.”

“आणि आता?”

“तुमच्या अटीनुसार औषध द्यायला लागलो. गेल्या पाच आठवड्यांपासून ते आधीच उठणारं वादळ थांबलंय. द्रव बदलतो तेव्हा चारही शांत असतात.”

दर्शना रोपवाटिकेच्या मांडवातल्या खांबाला टेकली. “म्हणजे पुढं काय होणार ते त्यांना ठाऊक होतं. आणि आता औषध मिळणार, हेही ठाऊक झालंय.”

“ठाऊक हा शब्द मी शोधनिबंधात लिहू शकत नाही,” शाहीन म्हणाल्या. “पण आठवडाभर शोधतेय, दुसरा शब्द सापडत नाही.”

“शिकतात ते, एवढं तरी म्हणता येईल ना?”

“हो. एवढं येईल.”

मग दर्शनानं अगदी हळू आवाजात विचारलं, “ज्याला शिकता येतं, त्याला मग, मला विचारलंत तसं, हो की नाही हे विचारताही येत असेल. कसं विचारायचं, डॉक्टर?”