वहिनींची सही

"आज शेवटची तारीख आणि सहीचं टोकनच गायब!" खुर्च्यांच्या कारखान्याचे मालक डोकं धरून बसले होते. "अण्णा, काहीही करा, पण चोर शोधा."

अण्णांनी चष्मा पुसला. करखात्यातून निवृत्त झाल्यापासून लोकांचे असले घोळ निस्तरायचं काम त्यांच्या मागे लागलं होतं. त्यांना दिसायचं कमी, म्हणून गाडी जावई चालवायचा. तो शेजारी जांभई दाबत बसला होता. खोलीभर फोमची धूळ आणि गोंदाचा वास.

"टोकन म्हणजे?" जावयाने विचारलं.

"डिजिटल सहीचं. पेनड्राइव्हसारखं दिसतं. एक माझं, एक वहिनीचं. भाऊ गेल्यावर तिला संचालक केलं."

"कोण कशावर सही करतं?" अण्णा म्हणाले.

"कामगारांच्या पगारातून कापलेल्या कराचं विवरणपत्र तिच्या सहीने जातं. बाकी सगळं माझ्या."

ड्रॉवरचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या मालक, हिशेबनीस आणि वहिनींकडे. मालकांचं टोकन जागच्या जागी होतं.

हिशेबनीस घामाघूम झाला होता. "मी कशाला घेऊ, साहेब? उशीर झाला की बोलणी मलाच बसतात. काल संध्याकाळी दोन्ही होती. आज उघडलं तर एकच."

"वहिनींचंच गेलं, हे कसं कळलं?"

"उरलेलं संगणकाला लावून पाहिलं. दोन्ही काळी, एकसारखी. लावल्याशिवाय कुणाचं कुठलं ते मलाही कळत नाही. मालक तर त्यांना हातसुद्धा लावत नाहीत."

कारखान्यातून जाताना शिवणमशीनवरच्या कारागिराने अण्णांना थांबवलं. "तुम्ही करखात्यातले ना? दर महिन्याला माझा कर कापतात, पण खात्याकडे माझ्या नावावर काहीच जमा नाही. वहिनींनाही सांगितलं परवा. त्या नुसत्या बसून राहिल्या."

वहिनी मागच्या खोलीत खुर्च्यांना कागद गुंडाळत होत्या.

"तुमचं टोकन ओळखता येतं?"

"हो. टोपणाला चीर आहे. नखाला लागते." मग त्यांनी हळूच विचारलं, "माझी सही नसली, तर तो कागद जाणारच नाही ना?"

"आज तरी नाही."

वहिनींनी सुस्कारा सोडला आणि पुन्हा कागद उचलला.

बाहेर आल्यावर जावई म्हणाला, "हिशेबनीसच. काय घाम फुटला होता!"

"पंखा बंद होता, जावईबापू."

अण्णांनी सगळ्यांना मालकांच्या खोलीत बोलावलं आणि थकल्या आवाजात सुरुवात केली.

"दोन सारख्या वस्तूंमधली नेमकी एकच गेली. ज्याला फरक कळत नाही, त्याने दोन्ही नेली असती. हिशेबनीस संगणकाला लावून ओळखेल, पण उशिराची बोलणी त्यालाच बसतात. नुसता हात लावून फरक कळतो तो एकाच माणसाला. वहिनी, टोकन कधी सापडेल, हे तुम्ही विचारलंच नाही. कागद जाणार नाही ना, एवढंच विचारलंत."

हिशेबनीस खाली बघू लागला. मालक ताडकन उठले. "वहिनी? अगं, का?"

"ते मी सांगतो," अण्णा म्हणाले. "कापलेला कर सरकारजमा केला, असं त्या कागदावर लिहून द्यावं लागतं. तुम्ही तो भरलाच नाही, आणि नेमकी तीच सही वहिनींची. उद्या खोटं लिहून दिलं म्हणून कोर्टात त्या उभ्या राहतील."

"धंदा मंदीत आहे, अण्णा. पुढच्या खेपेला भरणारच होतो."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालात," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तिथे सही करत आले, भावजी. घरचा माणूस म्हणून. परवा त्या कारागिराने विचारलं, वहिनी, माझे पैसे कुठे गेले? काय सांगायचं होतं मी?"

वहिनींनी पर्समधून टोकन काढून टेबलावर ठेवलं.

"हे चोरलं नाही. माझंच आहे. कर भरा, मी इथेच बसून सही करते. नाहीतर उशिराचा दंड भरा. पण खोट्यावर आता सही नाही. आणि हे झालं की मला संचालकपदातून मोकळं करा."

मालकांनी मदतीसाठी अण्णांकडे पाहिलं. अण्णा डोळे मिटून बसले होते.

मालकांनी खुर्ची ओढली आणि बँकेला फोन लावला.