घोटभर चहा

मे महिन्यात, तेही पाऊस येताना, तुतीच्या झाडाखाली कुणी उभं राहतं का? ताश्कंदचं शाळकरी पोरही राहणार नाही. पण तो उभा होता… लॅपटॉपची बॅग छातीशी धरून, पांढराशुभ्र शर्ट घालून! सरीबरोबर पिकलेल्या काळ्या तुती टपाटप गळत होत्या आणि त्याचे खांदे जांभळे होत चालले होते. मी छत्री घेऊन समोरून येत होते. नाही म्हटलं तरी मला हसू फुटलंच.

"हसतेस काय? छत्रीत घे की!" तो म्हणाला.

ओळख ना पाळख, आणि एकदम 'तू'! आमच्याकडे नवराबायकोसुद्धा एकमेकांना अहोजाहो करतात. मी नाक मुरडलं… आणि छत्री थोडी पुढे केली.

"कुठे जायचंय तुम्हाला?"

त्यानं पत्ता सांगितला. तो माझ्याच ऑफिसचा निघाला.

त्याचं नाव दोनियोर. आईवडील मूळचे इथलेच, पण तो वाढला रशियात, कझानला. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या वेबसाइट डिझाइनच्या टीममध्ये तो एकाच कामापुरता आला होता. हाशिम-अकांचा पुलाव सगळ्या शहराला माहीत, लहानथोर त्यांना 'अका' म्हणजे दादाच म्हणतात. त्यांची वेबसाइट करायची होती. पानावर काय कुठे असावं, कुठला रंग, कुठलं बटण, हे ठरवणार मी, नोझिमा. आणि माझ्या चित्रांना हलवणार, फिरवणार, त्यांत जीव ओतणार तो. वेबसाइट सुरू झाली की तो परत कझानला.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असून काय उपयोग!

माझ्या शेजारचंच टेबल त्याला मिळालं. काम करताना तो अगदी हळू शीळ घालायचा, आणि मी पाहिलं की थांबायचा. मग मी न पाहिल्यासारखं करायला शिकले…

गिऱ्हाइकानं पुलाव मागवला की पान उघडेपर्यंत क्षणभर थांबावं लागतं. त्या वेळात दाखवायला दोनियोरनं एक सुंदर चित्र केलं — निळ्या नक्षीच्या प्याल्यात हळूहळू हिरवा चहा चढतो, वर वाफ डोलते, आणि प्याला काठोकाठ भरला की पान उघडतं. मी ते आधी पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं. पण लक्ष चित्राकडे होतं कुठे? मी त्याच्या लांबसडक बोटांकडे पाहत होते.

हाशिम-अका काम बघायला आले. पडद्यावर प्याला भरत गेला… भरत गेला… चहा काठाला टेकला. अका उठले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं मंडळी, येतो आम्ही."

"अहो अका, चाललात कुठे?" आमच्या टीमच्या प्रमुख मातलुबा-ओपा गडबडल्या. ओपा म्हणजे आमच्या सगळ्यांच्या ताई.

"तुमच्या या पोरानं मला घालवलं की! पुलाव यायच्या आधीच गिऱ्हाइकाला वाटेला लावतोय."

सगळे पोट धरून हसले. दोनियोर नुसताच बघत राहिला, आणि त्याचे कान लाल लाल झाले. त्या कानांवर माझा जीव जडला, असं म्हणायला हरकत नाही.

मग मी त्याला चहाच्या खोलीत नेलं. प्याल्यात चहा ओतला, परत किटलीत टाकला. पुन्हा ओतला, पुन्हा टाकला.

"हा काय खेळ?"

"असं तीनदा परत ओतायचं. म्हणजे चहा मुरतो." चौथ्यांदा मी त्याला प्याला दिला. "आणि पाहुणा हवाहवासा असेल तर घोटभरच द्यायचा. त्यानं परत मागावा, आपण परत ओतावा… तेवढाच सहवास. काठोकाठ भरून दिला की समजायचं, निघा आता."

त्यानं प्याल्यात डोकावून पाहिलं. तळाशी जेमतेम घोटभर चहा होता.

"आणि हा?"

"चुकून," मी म्हणाले.

"मग अशी चूक रोज करत जा ना…"

मग मी ती चूक रोज केली.

चित्रातला प्याला आता अर्ध्यावरच थांबायला लागला. काम संपत आलं तशी मला प्रत्येक गोष्टीत खोट दिसू लागली. बटणाचा हिरवा रंग जरा फिका वाटतो. आता जरा गडद वाटतो. आता तर शेवाळासारखाच दिसतो!

"नोझिमा," मातलुबा-ओपा एकदा म्हणाल्या, "रंग पसंत करते आहेस की नवरा?"

मी मान खाली घालून पडद्यात शिरले. शेवटी हिरवा सोडला आणि तुतीचा जांभळा घेतला. दोनियोरनं बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नुसता हसला. शिवाय रोज सकाळी ते बटण जागेवरून थोडं सरकलेलं असायचं. मी कुरकुरत सांगायचे, तो माझ्याशेजारी बसून नीट करायचा, आणि त्यात सकाळ निघून जायची. मला ते हवंच होतं.

पण रंग तरी किती बदलणार? वेबसाइट सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळचं त्याचं विमान होतं. हाशिम-अकांनी पुलावाची भलीमोठी परात पाठवली, स्वतःही आले. ऑफिसच्या अंगणात द्राक्षांच्या मांडवाखाली आम्ही सगळे बसलो. पानांतून ऊन झिरपत होतं. सगळ्यांत धाकटी मी, तेव्हा किटली माझ्या हातात.

आज बोलले नाही तर कधीच बोलणार नव्हते. आणि मुलीनं आधी कसं बोलायचं? त्यानं नुसतं 'हं' म्हणून टाळलं तर? मी त्याच्या प्याल्यात चहा ओतू लागले. डोळे असे भरून आले की समोरचं काही दिसेना… भानावर आले तेव्हा त्याचा प्याला काठोकाठ भरला होता. एक थेंब बशीत सांडलाही.

हाशिम-अकांचा घास हातातच राहिला.

दोनियोर प्याल्याकडे पाहत राहिला. त्याचे कान लाल नव्हते आज, चेहराच उतरला होता. तो सावकाश उठला. इथली रीत शिकला होता ना, छातीवर हात ठेवला.

"समजलं," तो म्हणाला. "येतो."

देवा! मला काय सुचलं कोण जाणे. मी तो प्याला उचलला आणि सगळ्यांदेखत, बोटं भाजत, सगळा चहा परत किटलीत ओतला.

"बसा," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू येईना. "अजून… अजून मुरला नाही."

आणि प्याल्यात घोटभर चहा ओतून त्याच्यापुढे धरला.

तो मटकन खाली बसला. मातलुबा-ओपा उगाच द्राक्षांकडे बघू लागल्या.

"नोझिमा," तो हळूच म्हणाला, "ते बटण… रोज मीच सरकवायचो."

"आणि तो हिरवा," मी म्हणाले, "पहिल्या दिवशीच छान होता."

तो हसला. एका घोटात प्याला रिकामा करून त्यानं तो दोन्ही हातांनी पुढे केला.

"सकाळच्या विमानाचं काय?" मी विचारलं.

"जाऊ दे त्याला. भरला प्याला मिळाल्याशिवाय मी कसा उठू?"

"पोरी," हाशिम-अका तिकडून ओरडले, "आम्हालाही चहा मिळणार आहे का, की आम्ही निघावं?"

मांडवाखाली एकच हशा उठला. मी दोनियोरच्या प्याल्यात चहा ओतला, पहिल्यापेक्षाही थोडा कमी.