रीबूटनंतर उरलेला भार

यशवंतपूरच्या त्या धान्याच्या गोदामात सुखदा गेली ती भरदुपारी, लिफ्ट कंपनीच्या अगदी साध्या कामाला. मालाची लिफ्ट आठवड्यात पाचदा मधेच अडकली होती. दर वेळी कंट्रोलर ठप्प होऊन आपोआप रीबूट व्हायचा आणि आधीचा लॉग साफ पुसला जायचा. मालकाचं म्हणणं एकच, लिफ्टमन कल्लाप्पा मेन स्विचशी खेळतो. संध्याकाळपर्यंत दुसरं कारण निघालं नाही, तर त्याची नोकरी जाणार होती.

सुखदानं मेमरीचा एक कोपरा राखून ठेवला. आता रीबूट झाला तरी शेवटच्या ओळी तिथे टिकणार होत्या.

“म्हंजे लिहून येणार, अक्का?” निपाणीकडचा हेल काढत कल्लाप्पानं विचारलं.

“काय लिहून येणार, अण्णा?”

“येईल ते. माझं तोंडी कोण ऐकतंय?”

लॅपटॉप उराशी धरून ती एकटीच वर निघाली. पोत्यांचा कुबट वास, दोरखंडांची करकर... दुसरा मजला मागे पडला आणि दिवा विझला. लिफ्ट थबकली. काळोखात श्वास ऐकू येत होता. तिचाच. तिचाच ना?

आठ सेकंदांनी दिवा आला. स्क्रीनवर टिकून राहिलेल्या तीन ओळी उमटल्या :

दुसरा मजला सोडला. दार बंद. भार ४७ किलो.
दार बंद. भार १०५ किलो.
मेन स्विच चालू. यंत्रणा ठप्प.

मेन स्विच चालू! कल्लाप्पा सुटला. पण... लॅपटॉपसकट सत्तेचाळीस म्हणजे ती. बंद दारातून वरचे अठ्ठावन्न कुठून आले? सेन्सर बिघडला असेल. बिघडलाच असणार.

खाली पोचताच ती जवळजवळ उडी मारूनच बाहेर आली. स्क्रीनवर रिकाम्या लिफ्टचा भार शून्य.

“अण्णा, तुम्ही जरा आत उभे राहा.”

एकाहत्तर.

“बरोबर हाय. परवाच काट्यावर चढलो होतो.”

म्हणजे सेन्सर ठीक होता? तिला काही कळेनासं झालं. पण असला आकडा बघून मालक म्हणेल, तुमची यंत्रणाच खोटी, आणि कल्लाप्पा पुन्हा अडकेल.

“थांबा, मीपण येते. एकदा बघूनच घेऊ.”

“स्वल्प विचार करा, अक्का...”

तोवर तिनं पाऊल टाकलं होतं.

१७६.

तिनं बोटांवर पुन्हा बेरीज केली. “अण्णा... आपल्या दोघांचे एकशे अठराच यायला हवेत... हो ना?”

कल्लाप्पा आकड्याकडे बघतच नव्हता. अंग चोरून तो भिंतीला चिकटला होता, जागा करून देत. तिला एकटीला लागेल त्याहून बरीच जास्त.